दाराचं लॉक सारखं ‘ऑफलाइन’ जातंय? आधी वेळा लिहून काढा

कोथरूडला आईच्या फ्लॅटच्या दाराला मी मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत झिगबीचं लॉक बसवलं, म्हणजे घरातल्या इतर स्मार्ट उपकरणांशी कमी विजेच्या रेडिओवरून बोलणारं. आई ७६ वर्षांची, एकटी राहते. मी वाकडला, म्हणजे गर्दी धरून तासाभरावर. हे लॉक हौसेसाठी नाही. उद्या तिचा बाथरूममध्ये पाय घसरला आणि दार आतून बंद असेल, तर शेजारच्या काकूंना मला कुठूनही ते उघडून देता आलं पाहिजे, एवढ्या एका कारणासाठी ते आहे. त्यामुळे ‘एरवी चालतं हो’ म्हणून मला भागत नाही.

आणि ते एरवीच चालत होतं. कधी ॲपवर ‘बंद’ असं ठळक दिसायचं, पण उघडायचा हुकूम दिला की चक्र फिरत राहायचं आणि काहीच व्हायचं नाही. कधी लॉकच्या नावापुढे ‘उपलब्ध नाही’ यायचं आणि दोन तासांनी आपोआप जायचं. कधी सेल ६० टक्के आहेत म्हणून दाखवत असताना मोटर अर्ध्यात अडकायची. दारावरचा आकड्यांचा पॅड मात्र प्रत्येक वेळी व्यवस्थित चालायचा. आईला म्हणून त्रास काहीच नव्हता. ती म्हणायची, “अगं, उघडतंय की नीट. तू कशाला डोकं पिकवतेस?”

पाच महिने मी याच्या मागे होते. शेवटी निघालं ते असं, की आजार एक नव्हताच. तीन वेगवेगळे आजार ‘ऑफलाइन’ या एकाच शब्दाखाली दडले होते. मी एकावर उपाय केला की दुसरा डोकं वर काढायचा आणि मला वाटायचं पहिलाच परत आला. तुमच्याकडेही लॉक जातंय-येतंय-जातंय असं होत असेल, तर हे सगळं सविस्तर वाचा, कारण यातला बराच वेळ मी चुकीच्या जागी घालवला.

पुन्हा पेअर करू नका

लॉक गेलं की पहिल्यांदा हात जातो तो रीसेटच्या बटनाकडे. मी तीनदा ते केलं. लॉक काढून टाकायचं, फॅक्टरी रीसेट करायचं, पुन्हा जोडायचं. तीनही वेळा ते लगेच सुरू झालं आणि दोन-तीन दिवस सुरेख चाललं. म्हणून माझी खात्री पटली की जोडणीच बिघडत होती.

आता मागे वळून बघितलं की कळतं, ते चालणारच होतं. आपण पेअर करायला जातो तेव्हा दिवस असतो, घरातली सगळी उपकरणं चालू असतात, दार उघडं असतं आणि लॉक नव्याने आजूबाजूला बघून त्या क्षणी सगळ्यात जवळचा जोडीदार निवडतं. बिघाड ज्या परिस्थितीत होतो, ती परिस्थितीच तेव्हा नसते. औषध लागू पडलं असं वाटतं, पण ताप मुळात दुपारी उतरलेलाच असतो.

रीसेटचं नुकसान मात्र खरं असतं. आमच्या लॉकमध्ये आकड्यांचे कोड लॉकच्या आतच साठवलेले असतात, रीसेट केलं की ते पुसले जातात. दुसऱ्या वेळेला मी माझा आणि आईचा कोड घातला आणि पोळ्यांच्या मावशींचा विसरले. सकाळी साडेसातला मावशी दाराबाहेर, आई आंघोळीला, आणि पॅड लाल दिवा दाखवतोय. त्या वीस मिनिटं जिन्यात बसून राहिल्या. त्या दिवसापासून ठरवलं की कारण कळल्याशिवाय रीसेटला हात लावायचा नाही.

कॅलेंडर

आई दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्याच चौकोनांत मी तिला एक खूण करायला सांगितली. मी फोन करून ‘गेलं’ म्हटलं की तिने वेळ लिहायची, सोबत दार उघडं आहे की लावलेलं, लाईट आहे की नाही आणि बाहेर पाऊस आहे का. चार गोष्टी, बस्स.

माझ्या बाजूने मी सॉफ्टवेअरमधून एकच वेळ उतरवून घ्यायची, ती म्हणजे लॉककडून शेवटचा निरोप कधी आला. ‘ऑफलाइन’ कधी झालं ती वेळ नव्हे. हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि मला तो उशिरा समजला. आईकडे रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि झिगबी-टू-एमक्यूटीटी (त्याला झिगबी उपकरणांशी जोडणारं सॉफ्टवेअर) चालतं. या दुसऱ्याच्या मूळ सेटिंगमध्ये सतत विजेवर असणारं उपकरण १० मिनिटं गप्प राहिलं की त्याला हाक मारून बघतात. सेलवर चालणारं उपकरण मात्र २५ तास गप्प राहिलं तरच ते गेलं असं धरतात. होम असिस्टंटची स्वतःची झेडएचए जोडणी वापरत असाल तर तिथे हेच आकडे विजेवरच्या उपकरणासाठी २ तास आणि सेलवरच्यासाठी ६ तास असे आहेत. मी मध्येच ही मुदत कमी करून दोन तासांवर आणली होती आणि मग लॉक केव्हा ‘जातं’ त्यावरून अंदाज बांधत बसले होते. पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ हे अक्षर उमटतं ती घड्याळाची मुदत संपल्याची वेळ. माणूस गेला कधी ते त्यातून कळत नाही, आपण चौकशी कधी केली एवढंच कळतं.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. मुदत संपेपर्यंत पडद्यावर शेवटची माहिती तशीच राहते. लॉकशी संबंध रात्री दहाला तुटला असेल आणि तेव्हा ‘बंद’ लिहिलेलं असेल, तर पहाटे पाचलाही ‘बंद’च लिहिलेलं असतं. दार उघडं असलं तरी.

पाच आठवड्यांनी कॅलेंडरची पानं समोर ठेवली आणि खुणा वेगवेगळ्या रंगांनी गोल केल्या. तीन गट स्पष्ट पडले. एक, रात्री सव्वादहानंतर, जवळजवळ रोज. दुसरा, गुरुवारी दुपारी लाईट जाऊन परत आल्यावर, पण प्रत्येक गुरुवारी नाही. तिसरा, पावसाच्या दिवसांत कधीही, पण फक्त लॉक लागताना. उघडताना एकदाही नाही.

पावसाळ्यातलं दार

सोप्यापासून सुरुवात करते. तिसऱ्या गटाचा रेडिओशी काही संबंधच नव्हता.

सागवानी दार असो की फ्लशचं, पावसाळ्यात ते फुगतं. चौकटही हलते. दार लावल्यावर लॉकची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या खाचेत सरळ जायला हवी. आमच्याकडे ती खाचेच्या खालच्या कडेला घासत होती. हाताने किल्ली फिरवताना आपण नकळत दार जरा ओढून धरतो, त्यामुळे माणसाला हे कधी कळत नाही. मोटर दार ओढत नाही. ती कडेवर जीभ दाबत राहते, जास्त करंट खाते, सेलचा दाब (व्होल्टेज) एकदम खाली येतो आणि लॉकमधला रेडिओ त्या धक्क्याने बंद पडून पुन्हा सुरू होतो. आपल्याला पडद्यावर दिसतं ‘ऑफलाइन’.

तपासायला काहीही लागत नाही. दार उघडं ठेवा आणि लॉक हवेत दहा वेळा उघड-बंद करा. मग दार लावून दहा वेळा करा. उघड्या दारात मोटरचा आवाज एकसारखा ‘झर्र’ येत असेल आणि लावलेल्या दारात शेवटी तो कण्हल्यासारखा जड होत असेल, तर दोष दारात आहे. जिभेच्या टोकाला लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावून दार लावलं की पट्टीवर नेमकं कुठे घासतंय त्याचा ठसा उमटतो. आमचा ठसा खाचेच्या खाली दोन मिलिमीटरवर होता. सुतारकाकांनी आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळले, त्यातच अर्धं काम झालं. उरलेलं कानशीने पट्टीची खाच वाढवून. दाराला रंधा मारायला मी नको म्हटलं, कारण पाऊस गेल्यावर दार आकसतं आणि मग फट राहते.

यात माझी स्वतःची एक चूक मिसळलेली होती. मी असा नियम लिहिला होता की रात्री साडेदहाला दार लागलेलं नसेल तर लॉक लावायचं आणि लागेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न करायचा. चांगल्या हेतूने लिहिलेला. पण जीभ अडकलेली असताना दर मिनिटाला मोटर त्या पट्टीवर डोकं आपटत होती, आणि सात-आठ महिने पुरणारे सेल जुलैत तीन आठवड्यांत संपले. आता नियम एवढाच आहे: एकदा प्रयत्न, तीस सेकंदांनी आणखी एकदा, आणि तरी नाही लागलं तर माझ्या फोनवर मोठ्या आवाजात सूचना. मग मी आईला फोन करते, ती दार दाबून धरून कडी लावते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा ‘होईपर्यंत करत राहा’ छापाचा नियम असेल तर आज काढून टाका.

सेलबद्दल. लॉकला चार डबल-ए अल्कलाइन सेल लागतात आणि टक्केवारीचा हिशेब बहुतेक लॉक अल्कलाइनच्या उतरत्या दाबावरूनच करतात. चार्ज होणाऱ्या निकेल सेलचा दाब पहिल्यापासूनच १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे टक्के चुकीचे दिसतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल मोटरचा झटका सोसत नाहीत. नवे-जुने मिसळले तर सगळ्यात कमजोर सेल सगळ्यांना खाली ओढतो. आमचे ‘६० टक्के’ सेल मी मल्टिमीटरवर मोजले, तेव्हा पडून असताना चौघेही १.३ च्या आसपास होते. मोटर फिरत असताना मोजले तर त्यातला एक ०.९ ला आला. सेल नेहमी काम करताना मोजायचे, पडून असताना सगळेच सज्जन दिसतात.

रात्री सव्वादहा

हा गट सगळ्यात जास्त छळणारा होता आणि उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आधी थोडं हे लॉक बोलतं कसं ते सांगते, नाहीतर उपाय पटणार नाही. सेल पुरावेत म्हणून लॉकचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो. ते कंट्रोलरशी, म्हणजे सगळी झिगबी उपकरणं सांभाळणाऱ्या मुख्य यंत्राशी, थेट बोलेलच असं नाही. जवळच्या, सतत विजेवर असलेल्या एखाद्या झिगबी उपकरणाला ते आपला पालक करतं. तुम्ही फोनवरून ‘उघड’ म्हटलं की तो निरोप पालकाकडे येऊन थांबतो. लॉक ठरावीक वेळाने जागं होतं आणि पालकाला विचारतं, माझ्यासाठी काही आहे का? शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून जावं तसं. पालक तो निरोप साधारण ७.६८ सेकंद धरून ठेवतो, तेवढ्यात कोणी न्यायला आलं नाही तर टाकून देतो. झिगबीच्या भाषेत या मधल्या उपकरणाला राऊटरच म्हणतात, पण वायफायच्या राऊटरशी गोंधळ होतो म्हणून मी इथे त्याला ‘मधला टप्पा’ म्हणते.

आईकडे कंट्रोलरचं डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा झिगबी रेडिओ, आतल्या बेडरूममध्ये, टेबलाखाली. दार हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन भिंती, त्यातल्या एकीत काँक्रीटचा कॉलम, वाटेत फ्रिज, आणि दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. डोंगलपासून लॉकपर्यंत थेट आवाज पोहोचत नव्हता. म्हणून लॉकने मधला टप्पा निवडला होता तो देवघराशेजारचा स्मार्ट प्लग. निरांजनासारखा जो विजेचा दिवा आई तिन्हीसांजेला लावते, त्याच्यासाठी मीच तो बसवला होता.

आणि आई रोज रात्री झोपायच्या आधी घरभर फिरून सगळ्या प्लगची बटनं बंद करते. टीव्ही, मिक्सर, चार्जर, आणि तो प्लग. सव्वादहाला. सकाळी साडेसहाला उठून पुन्हा चालू करते. माझं लहानपण या सवयीत गेलं आणि तरी मला ते सुचलं नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्मार्ट प्लग ॲपमधून बंद केला तर फक्त त्याला जोडलेला दिवा विझतो, प्लगमधला रेडिओ जागाच असतो आणि निरोप पुढे देत राहतो. भिंतीवरचं बटन बंद केलं की रेडिओच मरतो. स्मार्ट बल्बचंही तेच. परदेशात लिहिलेल्या मार्गदर्शनात हे फारसं येत नाही, कारण तिथल्या बऱ्याच देशांत सॉकेटला बटनच नसतं. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटन असतं आणि ते बंद करणं ही चांगली सवय मानतात.

पहिले काही महिने हे का कळलं नाही? आजार पहिल्या दिवसापासून होता. मी रात्री लॉककडे काही मागितलंच नव्हतं. साडेदहाचा नियम जूनमध्ये लिहिला आणि ‘बिघाड’ जूनमध्ये ‘सुरू झाला’.

जुलैतली एक सकाळ मी विसरणार नाही. सहा वाजता शेजारच्या काकूंचा फोन. “अगं, आईचं दार नुसतं लोटलेलं दिसतंय. दूधवाला पिशवी अडकवायला गेला तर सेफ्टी डोअरच्या आतलं दार हललं. मी बाहेरूनच डोकावून बघितलं, झोपल्यात त्या, काळजी करू नकोस.” माझ्या फोनवर त्या क्षणी हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: बंद. झालं होतं असं की रात्री दहाला आईने पॅडवरून लॉक लावलं, ते लागलं, ‘बंद’ असा निरोप गेला. सव्वादहाला प्लग बंद झाला. त्यानंतर कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला तिने दार पुन्हा उघडलं आणि लावलं. फुगलेल्या दारात जीभ अडकून मागे फिरली, लॉकने अडकल्याचा निरोप पाठवला, आणि तो न्यायला कोणी जागं नव्हतं. दोन आजार एकाच रात्री एकत्र आले. सेफ्टी डोअरला कडी होती म्हणून बरं.

त्या दिवशी मी आईला प्लगबद्दल सांगितलं. तिने विचारलं, “मग रात्रभर बटन चालू ठेवू? वीज जळत नाही का?” मी हिशेब करून दाखवला. असा प्लग नुसता जागा राहायला एक वॉटच्या आतबाहेर घेतो, म्हणजे महिन्याला पाऊण युनिटच्या आसपास. तिला पटलं. तिने बटनावर चिकटपट्टीही लावली. पण मला तो उपाय मान्य नव्हता. बटनं बंद करून झोपणं यात तिचं काही चुकत नाही, आणि ७६व्या वर्षी तिने माझ्या यंत्रासाठी सवय बदलायची हेही बरोबर नाही. घरी बहीण येते, भाचरं येतात, कोणीही ती चिकटपट्टी ओढेल.

म्हणून वायरमनला बोलावून हॉलच्या दाराजवळच्या स्विचबोर्डात, आतल्या बाजूला, झिगबीचा छोटा रिले मॉड्यूल बसवला. त्याला फेज आणि न्यूट्रल कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे पुढचं बटन चालू असो की बंद, मॉड्यूल जागा राहतो. लॉकपासून तो दीड मीटरवर आहे. बसवताना न्यूट्रल असलेलाच मॉड्यूल घ्या. बिगरन्यूट्रलचे बहुतेक मॉड्यूल मधला टप्पा म्हणून काम करत नाहीत. बोर्डात न्यूट्रल आहे का ही शंका असेल तर ज्या बोर्डावर सॉकेट आहे तो बोर्ड निवडा, सॉकेटला न्यूट्रल लागतोच. आणि हे काम स्वतः करू नका, मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्या.

लॉक जुना पालक लगेच सोडत नाही हेही सांगायला हवं. मॉड्यूल बसल्यावर मला वाटलं ते आपोआप जवळच्याकडे येईल. आलं नाही. दोन दिवस वाट बघून मी लॉकचे सेल काढले, पाच मिनिटं थांबले, देवघराचा प्लग बंद केला आणि सेल घातले. तेव्हा त्याने मॉड्यूलला धरलं. सॉफ्टवेअरमधल्या जोडण्यांच्या नकाशात ते दिसलं. रीसेट लागलं नाही, कोड जागच्या जागी राहिले.

गुरुवार

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार समजावून सांगायला नको. दुरुस्तीसाठी लाईट जाते, दुपारी येते. आईचा इन्व्हर्टर दिवे आणि पंखे सांभाळतो. रास्पबेरी पाय छोट्या यूपीएसवर आहे, पण वायफायचा डबा साध्या सॉकेटवर होता.

लाईट आली की आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांचे वायफायचे डबे एकाच मिनिटाला जागे होतात. बहुतेकांचं सेटिंग ‘ऑटो’ असतं, म्हणजे कुठल्या चॅनेलवर बसायचं ते डबा त्या क्षणी स्वतः ठरवतो. आईचा डबा कधी ६ वर बसायचा, कधी ११ वर, कधी १ वर. ज्या गुरुवारी १ वर बसला, त्या दुपारी लॉक गेलं. बाकीच्या गुरुवारी नाही. म्हणून ‘प्रत्येक गुरुवारी नाही’.

झिगबी आणि आपलं २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय एकाच पट्ट्यात बोलतात. झिगबीचे चॅनेल ११ ते २६ असे सोळा, प्रत्येक अगदी अरुंद. वायफायचा एकेक चॅनेल त्यांच्यापुढे हायवेसारखा रुंद. नावातले आकडे फसवतात, कारण झिगबीचा ११ आणि वायफायचा ११ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वायफायचा १ हा झिगबीच्या ११ ते १४ वर पसरतो, वायफायचा ६ साधारण १६ ते १९ वर, आणि वायफायचा ११ हा २१ ते २४ वर. मध्ये श्वास घ्यायला १५, २०, २५ आणि २६ उरतात. झिगबी-टू-एमक्यूटीटी मूळ सेटिंगमध्ये झिगबीचा ११ घेतं आणि मी तो कधी बदलला नव्हता.

दोन्ही बाजू पक्क्या केल्या. वायफाय ‘ऑटो’वरून काढून १ वर कायम केलं आणि २.४ गिगाहर्ट्‌झची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवली, ४० नाही. झिगबी २५ वर नेलं. २६ घेऊ नका, कितीतरी उपकरणं तिथे मुद्दाम कमी ताकदीने बोलतात. चॅनेल बदलल्याची दवंडी मेशमध्ये, म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे देणाऱ्या या उपकरणांच्या जाळ्यात, एकदा फिरते, विजेवरची उपकरणं ती ऐकून मागे येतात, पण झोपलेल्या लॉकच्या कानावर ती पडेलच असं नाही. आमच्या लॉकने ऐकली नाही. तेव्हा एकदा रीसेट करून पुन्हा जोडावं लागलं, आणि पाच महिन्यांतलं हेच एक पेअरिंग गरजेचं होतं. यावेळी सगळे कोड आधी वहीत उतरवले, मावशींचा सुद्धा. जोडताना दार लावून घेतलं आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की नवं उपकरण फक्त त्या स्विचबोर्डातल्या मॉड्यूलमार्फतच आत घ्यायचं. ही सोय जोडणीच्या बटनाशेजारीच असते.

वायफायचा डबाही आता यूपीएसवर आहे.

डोंगल आणि सॉफ्टवेअर

याच काळात दोन गोष्टी हाती लागल्या. त्या माझ्या बिघाडाचं मूळ नव्हत्या, पण तुमच्या असू शकतील.

डोंगल थेट संगणकाच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलेलं असेल तर ते आधी काढा. यूएसबी ३ मधून माहिती वाहताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. काळा यूएसबी २ पोर्ट आणि एक मीटरची साधी एक्स्टेन्शन केबल एवढंच लागतं. माझ्याकडे केबल लावल्यावर घरभरातल्या उपकरणांचे सिग्नलचे आकडे वर आले. त्या आकड्याचं फार मनावर घेऊ नका, तो ० ते २५५ मध्ये असतो आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. एकाच उपकरणाचा कालचा आणि आजचा आकडा ताडून बघायचा, दोन उपकरणांचे नाही.

लाईट गेल्यावर सगळीच उपकरणं एकदम जात असतील, एकटं लॉक नाही, तर डोंगलचा पत्ता बघा. सेटिंगमध्ये तो ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ अशा क्रमांकाने दिलेला असेल, तर संगणक पुन्हा सुरू होताना तो क्रमांक बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर भलत्याच दारावर टकटक करत बसतं. ज्यात ‘बाय-आयडी’ येतं तो लांबलचक पत्ता द्या, तो डोंगलच्या स्वतःच्या ओळखीवर असतो आणि बदलत नाही. रास्पबेरी पायला जुन्या मोबाइलचा चार्जर लावला असेल तर तोही बदला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ ॲम्पिअर लागतात, त्याहून कमी पडलं तर कुठल्या क्षणी काय बंद पडेल याचा नेम नसतो.

लॉकचं फर्मवेअर दूर बसून अपडेट करू नका. दारासमोर उभं राहून, दार उघडं ठेवून, हातात किल्ली घेऊन करा.

एक वेगळी गोष्ट, कारण आमच्याच घरात झाली. दादा न्यू जर्सीहून येताना याआधीचं एक लॉक घेऊन आला होता, झेड-वेव्हचं, म्हणजे झिगबीसारख्याच पण वेगळ्या रेडिओ पद्धतीचं. सहा दिवस आम्ही ते जोडायचा प्रयत्न केला. ते जोडलं जाणं शक्यच नव्हतं. झेड-वेव्ह अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्‌झवर बोलतं आणि भारतात ८६५.२ वर. तिकडचं लॉक आणि इकडचा कंट्रोलर यांना एकमेकांचा आवाजच येत नाही, आणि अमेरिकेतला तो पट्टा इथे अशा वापरासाठी मोकळाही नाही. कोणी प्रेमाने आणणार असेल तर आधीच सांगा, झेड-वेव्हचं आणू नकोस. झिगबीचं चालेल, पण दाराची जाडी आणि भोकाचं माप मोजून कळवा.

आता काय आहे

किल्लीची एक प्रत काकूंकडे आहे. लॉकच्या खालच्या बाजूला ९ व्होल्टचा सेल टेकवायला दोन टिकल्या आहेत, सेल पूर्ण मेले तरी त्याने पॅड जागा होतो. तसा एक सेल काकूंच्याच ड्रॉवरमध्ये ठेवलाय आणि त्यांच्याकडून एकदा करून घेतलंय. त्या म्हणाल्या, “हे आधीच का नाही दाखवलंस?” खरंच, ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

दाराला वेगळा सेन्सर लावलाय, लोहचुंबकाचा, लॉकपासून स्वतंत्र. रात्री पावणेअकराला सॉफ्टवेअर तीन गोष्टी बघतं: सेन्सर म्हणतो दार लागलेलं आहे, लॉक म्हणतं जीभ बाहेर आहे, आणि लॉकचा शेवटचा निरोप तासाभराच्या आतला आहे. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. निरोप जुना असेल तर पडद्यावर ‘बंद’ लिहिलेलं असलं तरी मी ते खरं धरत नाही, फोन वाजतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून कॅलेंडरवर तीन खुणा आहेत. दोन गुरुवारच्या, लाईट आल्यावर प्रत्येकी चार-पाच मिनिटांच्या, बोर्डातला मॉड्यूल पुन्हा जागा होऊन मेशमध्ये बसेपर्यंतच्या. तिसरी एका रविवारी पहाटे ३ वाजून १० मिनिटांची. तिचं कारण अजून सापडलेलं नाही. वेळ लिहून ठेवली आहे.